उघडलेल्या सगळ्या फाइल्समध्ये एकदम शोध: सीएनसी प्रोग्रामच्या टेबलावरून

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. फौंड्रीतून कास्टिंग येतं, चार सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या, लेथवर टर्निंग होतं, माल पुढं जातो. प्रोग्राम माझ्याकडे. बाहेरच्या माणसाला वाटतं सीएनसी प्रोग्राम म्हणजे काहीतरी गूढ प्रकरण असेल. पण ती साधी टेक्स्ट फाइल असते. नोटपॅडमध्ये उघडते, वाचता येते, आणि बिघडवायलाही तितकीच सोपी.

दीड वर्षापूर्वी एका पार्टचे अकरा प्रोग्राम मला एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर न्यायचे होते. दुसऱ्या मशीनवर टूल उलट्या बाजूनं बसतात, त्यामुळं स्पिंडल, म्हणजे कास्टिंग फिरवणारा दांडा, उलटा फिरवायचा. एम३ म्हणजे सरळ फिरव, एम४ म्हणजे उलटा; तर एम३ च्या जागी एम४. अकराही फाइल्स उघडल्या, ‘रिप्लेस ऑल इन ऑल ओपन्ड डॉक्युमेंट्स’ हे बटण दाबलं आणि चहाला गेलो. सेकंड शिफ्टला मशीनवरच्या तात्यांचा फोन: “अहो, ड्रिल नुसतंच घासतंय, धूर यायला लागला. उलटं फिरतंय काय बघा की.”

एका क्लिकमध्ये तीन चुका केल्या होत्या. ड्रिलच्या वेळी तर स्पिंडल सरळच फिरायला हवा, तिथलाही एम३ मी एम४ करून टाकला. प्रत्येक प्रोग्रामच्या शेवटी एम३० असतो, प्रोग्राम संपवून पहिल्या ओळीवर आणणारा. त्यातला ‘एम३’ बदलून तिथं एम४० झालं. आणि दोन प्रोग्राममध्ये कुणीतरी एम०३ लिहिलं होतं, ते जसंच्या तसं राहिलं. संगणकानं मात्र सांगितलेलं काम इमानेइतबारे केलं होतं.

तेव्हापासून माझी पद्धत बदलली. उघडलेल्या सगळ्या फाइल्समध्ये एकदम शोधायचं ते आधी वाचण्यासाठी. बदलायचं नंतर, तेही यादी डोळ्याखालून गेल्यावर. ती पद्धत खाली लिहितोय. तुम्ही सीएनसीवाले नसाल, वेबसाइटच्या फाइल्स किंवा हिशोबाच्या याद्या सांभाळत असाल, तरी पायऱ्या त्याच.

एक सूचना आधीच: कोड मी इथं देवनागरीत लिहितोय. फाइलमध्ये आणि शोधाच्या खिडकीत अक्षरं आणि आकडे रोमनच टाकायचे.

फोल्डर नको, उघडलेल्याच फाइल्स का

जवळपास प्रत्येक टेक्स्ट एडिटरमध्ये अख्ख्या फोल्डरमध्ये शोधायची सोय असते. ती वाईट नाही, पण आमचं फोल्डर म्हणजे माळा आहे. त्यात ‘फायनल’, ‘फायनल२’, ‘नवीन फायनल तात्या’, २०१९ च्या पुराआधीची कॉपी, ट्रायलला केलेलं आणि पुसायचं राहिलेलं, सगळं आहे. तिथं जी५० सारखा एखादा कोड शोधला की शेकड्यांनी ओळी येतात आणि त्यातल्या चालू कुठल्या हे कळत नाही. उघडलेले टॅब हे मी स्वतः निवडून टेबलावर मांडलेले कागद असतात. शोध तेवढ्यातच फिरतो.

दुसरं, अजून सेव्हच न केलेला, नाव नसलेला टॅब कुठल्याच फोल्डरमध्ये नसतो. तो सापडेल तर उघडलेल्या फाइल्सच्या शोधातच.

पहिली पायरी: टेबल साफ करा

आम्ही नोटपॅड प्लस प्लस वापरतो. फुकट आहे, हलकं आहे, शॉपवरच्या जुन्या विंडोज संगणकावरही चालतं. विंडोजच्या साध्या नोटपॅडवर हे काम होत नाही. विंडोज ११ मध्ये त्याला टॅब आले, पण शोध समोरच्या टॅबपुरताच राहतो.

नोटपॅड प्लस प्लसची एक सवय ध्यानात ठेवा: बंद करून पुन्हा उघडलं की मागच्या वेळचे टॅब ते जसेच्या तसे मांडतं. सोय आहे, पण गेल्या आठवड्यातले दुसऱ्या जॉबचे चार टॅबही ‘सगळ्या उघडलेल्या फाइल्स’मध्ये मोजले जातात. म्हणून सुरुवातीला जे सेव्ह करायचं ते सेव्ह करा आणि फाइल मेनूतून ‘क्लोज ऑल’ करा. मग हव्या तेवढ्याच फाइल्स एक्सप्लोररमधून निवडून एडिटरवर ओढून टाका.

तोच संच पुन्हा पुन्हा लागणार असेल तर फाइल मेनूत ‘सेव्ह सेशन’ आहे. आमच्याकडे प्रत्येक पार्टचं एक सेशन आहे. ‘लोड सेशन’ केलं की त्या पार्टचे सगळे प्रोग्राम एका रांगेत हजर. लोड करण्याआधीही क्लोज ऑल करायचंच, नाहीतर आधीचे टॅब सोबत राहू शकतात.

एडिटरच्या दोन वेगळ्या खिडक्या उघडल्या असतील तर एका खिडकीतला शोध दुसरीत जात नाही. एकाच खिडकीचे दोन भाग केलेले असतील तर मात्र दोन्ही बाजूंचे टॅब धरले जातात.

आणि फोल्डरची एक कॉपी आधी काढून ठेवा. हे सांगायला लागू नये, पण मीही काढली नव्हती.

दुसरी पायरी: शोध

खरं उदाहरण घेतो. एका मशीनचा चक, म्हणजे कास्टिंग पकडून फिरवणारा भाग, बदलला. नवा चक मोठा, त्याला चालणारे जास्तीत जास्त फेरे कमी. आता प्रत्येक प्रोग्राममध्ये जी५० ची ओळ बघायला हवी, कारण आमच्या लेथवर स्पिंडलच्या फेऱ्यांना लगाम तीच ओळ घालते. जी९६ लावलं की मशीन पृष्ठवेग, म्हणजे कास्टिंगचा पृष्ठभाग टूलसमोरून जायचा वेग, कायम ठेवतं. फेसिंग करताना, म्हणजे तोंड सपाट करताना, टूल मध्याकडे सरकेल तसा व्यास कमी होतो आणि फेरे वाढत जातात. जी५० नसेल तर ते मशीनच्या टोकाच्या वेगापर्यंत चढतात. चकमध्ये जड कास्टिंग असताना हे बघायला कुणी उभं राहू नये.

कंट्रोल आणि एफ दाबा. एखादा शब्द आधी सिलेक्ट केलेला असेल तर तो चौकटीत आपोआप येतो. आमच्या कामाला इथं फक्त जी५० लिहायचं, पुढचा एस२५०० (फेऱ्यांचा आकडा) नाही, कारण कुणी मध्ये जागा सोडतं, कुणी सोडत नाही. खाली ‘सर्च मोड’ला ‘नॉर्मल’ ठेवा. ‘मॅच केस’ची खूण काढून टाका, कुणी लहान अक्षरात लिहिलं असलं तरी सापडू दे. मग ‘फाइंड नेक्स्ट’ नाही, ‘फाइंड ऑल इन ऑल ओपन्ड डॉक्युमेंट्स’.

खाली एक पट्टी उघडते. त्यात प्रत्येक फाइलचं नाव, त्याखाली सापडलेल्या ओळी, ओळीचा क्रमांक. ओळीवर डबल क्लिक केलं की त्या फाइलच्या त्या ओळीवर उडी. माउस नको असेल तर एफ४ नं पुढची ओळ, शिफ्ट आणि एफ४ नं मागची. या दोन बटणांची सवय झाली की अकरा फाइल्स बघायला चहा निवायच्या आत होतं.

तिसरी पायरी: जे आलं नाही ते वाचा

माझ्या मते अख्ख्या कामातली महत्त्वाची पायरी हीच, आणि नेमकी हीच सगळे गाळतात.

निकालाच्या सगळ्यात वरच्या ओळीत किती ठिकाणी सापडलं, किती फाइल्समध्ये आणि एकूण किती फाइल्स तपासल्या याचा हिशोब असतो. जुन्या आवृत्तीत तपासलेल्यांचा आकडा दिसला नाही तर टॅब स्वतः मोजा. चकच्या वेळी मला दिसलं: दहा फाइल्समध्ये सापडलं, अकरा तपासल्या. म्हणजे एका प्रोग्राममध्ये जी५० नाहीच. यादीत त्या फाइलचं नाव कुठंच येत नाही, कारण यादी फक्त सापडलेल्याची असते. सापडलेल्या ओळी मी नीट वाचल्या असत्या, एस चे आकडे बदलले असते, आणि ज्या अकराव्या प्रोग्राममध्ये खरा धोका होता तो तसाच मशीनवर गेला असता.

म्हणून आकडा बघायचा, यादीतली नावं टॅबच्या रांगेशी ताडायची, आणि राहिलेली फाइल उघडून हातानं वरून खालपर्यंत वाचायची.

आकडा जास्त आला तरी थांबा. एका प्रोग्राममध्ये जी५० दोनदा आलं होतं. दुसरं टूल बदलल्यानंतर कुणीतरी मर्यादा वाढवून ठेवली होती. पहिली ओळ बदलून समाधानानं पुढं गेलो असतो तर दुसरीनं घात केला असता.

चौथी पायरी: चाळणी बारीक करा

आता परत त्या एम३ कडे. नॉर्मल मोडमध्ये एम३ शोधलं की एम३० येणार, एम३१ असेल तर तेही येणार. साधा उपाय म्हणून लोक ‘मॅच होल वर्ड ओन्ली’वर खूण करतात, म्हणजे अख्खा शब्द जुळला तरच. जी९७ एस१२०० एम३ असं मोकळं लिहिलेलं असेल तर चालतं. पण आमचे जुने प्रोग्राम जागा न सोडता, जी९७एस१२००एम३ असे एका दमात लिहिलेले आहेत. तिथं एडिटरच्या लेखी अख्खी ओळ हाच एक शब्द. होल वर्ड लावलं की असे एम३ दिसतच नाहीत. एम०३ तर आधीपासूनच बाहेर.

इथं सर्च मोड ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’वर न्यायचा, म्हणजे ठरावीक शब्दाऐवजी नमुना शोधता येतो. नाव जड आहे, पण लागतं तेवढं अर्ध्या तासात येतं. मी हे लिहितो:

एम०?३(?![०-९])

शून्यापुढचं प्रश्नचिन्ह म्हणजे शून्य असेल किंवा नसेल, दोन्ही चालेल. शेवटच्या कंसाचा अर्थ, यापुढं आकडा नको. म्हणजे एम३ येतो, एम०३ येतो, चिकटून लिहिलेलाही येतो, एम३० मात्र येत नाही.

याच धाटणीची दुसरी एक ओळ आमच्याकडे प्रत्येक नवीन प्रोग्रामवर चालवतात:

एक्स-?[०-९]+(?![०-९.])

ही एक्सच्या मापात दशांश टिंब राहिलेल्या ओळी शोधते. बऱ्याच कंट्रोलवर, म्हणजे मशीनच्या संगणकावर, एक्स५० च्या पुढं टिंब नसेल तर मशीन त्याला पन्नास मिलिमीटर समजत नाही, पन्नास मायक्रॉन समजतं. पॅरामीटर कसा लावलाय त्यावर हे ठरतं. आमच्या दोन मशीनवर टिंब लागतं, दोनवर नाही, त्यामुळं घोळ व्हायला पूर्ण वाव. नुसत्या एक्स० च्याही ओळी येतील, त्या सोडून द्या; शून्य कुठल्याही मापात शून्यच. एक्सचं झालं की झेडसाठी तेच.

अक्षर ओ आणि आकडा शून्य यांच्याकडेही लक्ष असू दे. प्रोग्राम नंबर ओ अक्षरानं सुरू होतो, आणि घाईत तिथं शून्य पडतं. स्क्रीनवर दोन्ही सारखेच गोल दिसतात. शोधाला ते वेगळे दिसतात, त्यामुळं ‘आहे तरी सापडत का नाही’ असं झालं की पहिला संशय यावर घ्यायचा.

पाचवी पायरी: बदल, तेही एकेक

नोटपॅड प्लस प्लसच्या ‘रिप्लेस ऑल इन ऑल ओपन्ड डॉक्युमेंट्स’मध्ये काय काय बदलणार हे आधी दाखवत नाहीत. नव्या आवृत्त्या ‘खरंच करू का’ एवढं विचारतात, बस्स. चुकलं तर कंट्रोल आणि झेड प्रत्येक टॅबमध्ये जाऊन वेगळं दाबावं लागतं. अकरा टॅब असले तर दहाव्यावर हमखास फोन येतो.

मी निकालाच्या यादीतून एफ४ नं एकेक ओळीवर जातो, वरच्या ओळी बघतो, कुठलं टूल चालू आहे ते बघतो आणि मग हातानं बदलतो. ड्रिलचा एम३ तसाच राहतो, टर्निंगचा बदलतो. हा फरक कुठल्याही चाळणीला कळत नाही, कारण तो त्या ओळीत नसतोच. चार ओळी वर, टूल निवडणाऱ्या टी०३०३ मध्ये असतो.

मशीनवर सिद्ध झालेला मूळ प्रोग्राम शेजारी संदर्भाला उघडा ठेवायचा असेल तर एडिट मेनूतून तो टॅब रीड-ओन्ली करा. शोधात तो येतो, पण सगळीकडच्या बदलात त्याला हात लागत नाही.

ओळी फारच असतील आणि बदल सरसकट असेल, तर मी व्हीएस कोड उघडतो. तिथं कंट्रोल, शिफ्ट आणि एफ. शोधाच्या चौकटीखालच्या तीन टिंबांवर क्लिक केलं की ‘फाइल्स टू इन्क्लूड’ची चौकट उघडते आणि तिच्या टोकाला पुस्तकासारखं एक छोटं चिन्ह असतं. ते दाबलं की शोध फक्त उघडलेल्या फाइल्समध्ये. फोल्डर न उघडता सुट्या फाइल्स उघडल्या असतील तर तो तसाही उघडलेल्यांतच शोधतो. बदलायचा मजकूर लिहिला की प्रत्येक ओळीत जुनं खोडून नवं कसं होईल ते आधी दिसतं, आणि नको ती ओळ फुलीवर क्लिक करून यादीतून काढता येते. बदलाच्या कामाला हे कितीतरी सुरक्षित.

फक्त तिथं एक फसगत आहे. व्हीएस कोडमध्ये फाइलवर एकदा क्लिक केलं की ती तात्पुरती उघडते, टॅबवरचं नाव तिरक्या अक्षरात दिसतं, आणि दुसऱ्या फाइलवर क्लिक करताच पहिली जाते. दहा फाइल्स उघडल्यासारख्या वाटतात, टॅब एकच असतो. डबल क्लिक करून उघडा, नाव सरळ झालं की ती टेबलावर राहिली असं समजा.

सब्लाइम टेक्स्टमध्ये ‘फाइंड इन फाइल्स’मधल्या ‘व्हेअर’च्या चौकटीत ‘ओपन फाइल्स’ निवडता येतं. लिनक्सवर जीनी वापरत असाल तर शोधाच्या खिडकीत ‘इन सेशन’ बटण आहे, तेच हे काम.

मराठी नोंदी शोधताना

प्रोग्रामशेजारी आम्ही सेटिंगच्या नोंदी साध्या मराठीत लिहून ठेवतो. कुठला इन्सर्ट, कुठं बर (धातूची धारदार कड) येते, कास्टिंग कडक लागलं तर फीड किती कमी करायचा. या फाइल्स यूटीएफ-८ मध्ये (मराठी अक्षरंही साठवणाऱ्या पद्धतीत) असतात आणि प्रोग्रामच्या फाइल्सपासून वेगळ्या ठेवाव्या लागतात. प्रोग्रामच्या फाइलमध्ये चुकून एखादं मराठी अक्षर गेलं तर कंट्रोलला ते वाचता येत नाही.

मराठीत शोधायचं तर भाषेच्या चालीनं जावं लागतं. शब्दाला प्रत्यय चिकटतात आणि मधलं अक्षरही बदलतं. ‘सूत’ शोधलं तर ‘सुताचा फरक’ येत नाही, कारण दीर्घ ऊकार ऱ्हस्व झाला. ‘कोल्हापूर’ला ‘कोल्हापुरात’ सापडत नाही. ‘कोल्हाप’ एवढंच लिहिलं की दोन्ही येतात. बदल जिथं होतो त्याच्या आधी थांबायचं, हा साधा नियम. ‘होल वर्ड’ची खूण मराठीसाठी काढूनच टाका.

एकाच शब्दाची रूपं तर विचारूच नका. आमच्याच नोंदींत फौंड्री, फाउंड्री आणि फाऊंड्री असे तीन प्रकार आहेत, तीन माणसांनी लिहिलेले. तिघांनाही एकदम पकडायचं तर रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये मध्ये उभी रेघ देऊन (फौंड्री|फाउंड्री|फाऊंड्री) लिहायचं. नाहीतर नुसतं ‘ंड्री’ शोधायचं, तेवढंही पुरतं. आकड्यांचंही तेच: कुणी देवनागरी पंचेचाळीस लिहितं, कुणी रोमन, आणि एडिटरला ते दोन वेगळे शब्द वाटतात. दोन्ही शोधा.

फार जुन्या नोंदी युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतील तर त्यात मराठी अक्षरं नसतातच. इंग्रजी अक्षरांना मराठी मुखवटा चढवलेला असतो. त्यात शोध लागणार नाही, आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

मागच्या पावसात पंचगंगेला पाणी चढायला लागलं तेव्हा, आधीच्या पुरात मशीनचं कुठलं सामान किती उंचावर ठेवलं होतं ते बघायला मी सगळ्या नोंदी उघडल्या आणि ‘पूर’ शोधलं. प्रत्येक फाइलमधली वरची ओळ आली. तिथं आमचा पत्ता असतो, शेवटी कोल्हापूर. आणि ज्या ओळी हव्या होत्या त्या आल्याच नाहीत, कारण तिथं तात्यांनी ‘पुरात’ लिहिलं होतं. मग आधी एक जागा सोडून ‘ पु’ शोधलं. ‘पुढं’ आणि ‘पुन्हा’च्या बऱ्याच ओळींत ती एक होती: पुरात मोटर खोलून माळ्यावर, पॅनेलचा दरवाजा उघडा ठेवला.